शाळेतली खिचडी हेच पोषणाचं पुस्तक

सहावीच्या वर्गात जाऊन 'क' जीवनसत्त्व कमी पडलं तर कोणता रोग होतो असं विचारा. अर्धा वर्ग एका सुरात 'स्कर्व्ही' म्हणून सांगतो. 'ब१'चा बेरीबेरी, 'ड'चा मुडदूस, 'अ'चा रातांधळेपणा, आयोडीनचा गलगंड, सगळं पाठ असतं. स्कर्व्ही झालेला माणूस या मुलांनी कधी पाहिलेला नसतो, आताच्या डॉक्टरांनाही तो क्वचितच दिसतो. पण त्याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसणारी एक मुलगी जिना चढून आली की धापा टाकते. खालची पापणी ओढून पाहिली तर आतली बाजू फिकट दिसते. मधल्या सुट्टीनंतर तिचं डोकं दुखतं आणि बाई म्हणतात, 'हिचं लक्षच नसतं.' तिला काय झालं असेल, हे मात्र वर्गातल्या कुणालाच ओळखता येत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुली रक्तक्षयाच्या, म्हणजे अंगात रक्त कमी असलेल्या, आढळल्या. त्याच वयाच्या मुलांमध्ये हे प्रमाण ३१ टक्के होतं. महाराष्ट्रातलं चित्र फार वेगळं नाही. म्हणजे जो आजार वर्गातच बसलेला आहे, तो पाठात कुठेतरी एका ओळीत येतो आणि जे आजार जवळजवळ इतिहासजमा झालेत त्यांचा तक्ता भिंतीवर लटकतो.

पोषण शाळेत शिकवायला हवं यावर सगळ्यांचं एकमत आहे. अडचण आहे ती कुठून सुरुवात करायची यात. आपण प्रथिने, कर्बोदके, स्निग्ध पदार्थ अशा नावांपासून सुरुवात करतो आणि उदाहरणं देताना सफरचंद, बदाम, पनीर, संत्र्याचा रस अशी चित्रं दाखवतो. ज्या मुलाच्या घरी सकाळी चहा-चपाती आणि रात्री भात-आमटी असते, त्याला त्यातून एकच धडा मिळतो, की चांगलं खाणं हे आपल्या घरचं काम नाही. माझं म्हणणं असं आहे की सुरुवात त्या मुलाच्या ताटापासूनच करावी. आणि सरकारी किंवा अनुदानित शाळेत असं एक ताट रोज सगळ्यांसमोर आयतं येतं.

खिचडीचं गणित

शालेय पोषण आहार या नावाने आपण ओळखतो ती योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. सुरुवातीला बऱ्याच राज्यांत मुलांना कोरडं धान्य घरी दिलं जायचं. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्नच द्या असा आदेश दिला आणि शाळाशाळांत चुली पेटल्या. २०२१ पासून योजनेचं नाव प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण असं आहे. नाव काहीही असो, मुलांच्या तोंडी ती खिचडीच.

या योजनेत पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलासाठी दिवसाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असं प्रमाण ठरलेलं आहे. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत अशी अपेक्षा असते. सहावी ते आठवीसाठी हेच आकडे १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, साडेसात ग्रॅम तेल आणि त्यातून ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिने असे आहेत.

हे आकडे कुठून आले, ते सातवीच्या मुलांना एकमान पद्धतीने काढता येतं. शंभर ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ८ ग्रॅम प्रथिने असतात. तूरडाळीत शंभराला जवळपास २२ ग्रॅम, म्हणून २० ग्रॅम डाळीत सव्वाचार ग्रॅमच्या आसपास. बेरीज झाली बारा! कॅलरींचंही तसंच. तांदळाच्या साधारण साडेतीनशे, डाळीच्या पासष्ट-सत्तर, पाच ग्रॅम तेलाच्या ४५. एकूण ४५०च्या थोडं वर. हा हिशेब मुलांनी स्वतः फळ्यावर मांडला की 'कॅलरी' हा शब्द त्यांच्या हातात येतो. शिवाय दुसरी एक गोष्ट त्यांच्या लक्षात येते, ती शिक्षकाने सांगायचीही गरज नसते: निम्म्याहून जास्त प्रथिने तर भातातूनच आली! प्रथिने म्हणजे डाळ, भात म्हणजे फक्त कर्बोदके, अशी जी कप्पेबंद समजूत तक्त्यामुळे होते, ती इथे मोडते.

मग पुढचा प्रश्न. भातातून प्रथिने मिळतातच तर डाळ कशाला? इथे थोडं थांबून समजावलं पाहिजे. प्रथिने ही अमिनो आम्लं नावाच्या लहान तुकड्यांची बनलेली असतात. त्यातले काही तुकडे शरीर स्वतः बनवू शकत नाही, ते अन्नातूनच यावे लागतात. तांदूळ, गहू, ज्वारी या धान्यांत लायसीन नावाचा तुकडा कमी असतो. डाळीत तो भरपूर असतो, पण मेथिओनीन कमी असतं, जे धान्यात पुरेसं असतं. दोन्ही एकत्र आले की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. वरण-भात, भाकरी-पिठलं, इडली-सांबार, मटकीची उसळ आणि चपाती, या जोड्या आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. घरी रोज जे खातो त्याला शास्त्राचा आधार आहे हे कळल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, तो महागड्या फळांच्या चित्राने कधीच येत नाही.

भाजीचे ५० ग्रॅम म्हणजे किती, हे मात्र डोळ्यांनी पाहावं लागतं. शाळेच्या स्वयंपाकघरात तराजू असतो. भोपळा, गाजर, पालेभाजी, प्रत्येकाची ५० ग्रॅमची वाटणी काढून एका ताटात मांडायची. बहुतेकांना ती वाटते त्यापेक्षा बरीच जास्त निघते. आणि हे करताना ज्या ताई किंवा मावशी रोज खिचडी शिजवतात, त्यांनाच त्या दिवशी शिकवायला उभं करावं. डाळ आधी का भिजवायची, भाजी चिरल्यावर धुतली तर काय वाहून जातं, मीठ आयोडीनयुक्तच का घ्यायचं, हे त्यांच्याइतकं नेमकं दुसरं कोण सांगणार? मुलांना वाढण्याआधी शिक्षक अन्न चाखतात आणि चव रजिस्टरमध्ये नोंद करतात, त्या रजिस्टरमध्ये आठवड्यातून एकदा मुलांच्या दोन ओळीही याव्यात असं मला मनापासून वाटतं.

ताटात लोह किती?

खिचडीने भूक आणि प्रथिनांचा प्रश्न बऱ्यापैकी सुटतो. रक्त तयार व्हायला लागणाऱ्या लोहाचा मात्र सुटत नाही. हेही मुलांनाच शोधू द्यावं. पॉलिश केलेल्या शंभर ग्रॅम तांदळात लोह जेमतेम ०.६५ मिलिग्रॅम. सातवी-आठवीतल्या मुलीच्या वाट्याच्या १५० ग्रॅम तांदळातून एक मिलिग्रॅम आणि ३० ग्रॅम डाळीतून आणखी सव्वा. तिची रोजची गरज आहे २८ ते ३० मिलिग्रॅम. हा आकडा इतका मोठा असण्याचं कारण असं की वनस्पतींमधून मिळणाऱ्या लोहातलं फार थोडं, शंभरात साधारण आठ-दहा भाग, शरीरात शोषलं जातं. शिवाय मुलींची पाळी सुरू झालेली असते, त्यामुळे त्यांची गरज त्याच वयाच्या मुलांपेक्षा जास्त.

मग उरलेलं लोह कुठून आणायचं? शंभर ग्रॅम बाजरीत सुमारे साडेसहा मिलिग्रॅम लोह असतं, म्हणजे तांदळाच्या दहापट. ज्वारीत चारच्या आसपास. माठ आणि राजगिऱ्याच्या पाल्यात पालकापेक्षा जास्त. तीळ, मटकी, चवळी, सुकट, मटण, कलेजी, ज्याच्या घरी जे चालतं ते. पालघर, नंदुरबार किंवा मेळघाटातल्या शाळेत असाल तर टाकळा, कुर्डू, करटुली या रानभाज्यांची यादी मुलंच तुम्हाला देतील. ती फळ्यावर लिहून घ्या, कारण शहरातून आलेल्या पुस्तकात ती नसते आणि नसल्यामुळे मुलांना वाटतं की ते 'गरिबाचं खाणं' आहे.

किती खाल्लं याइतकंच कशासोबत खाल्लं यालाही महत्त्व आहे, आणि शाळेत शिकवायला यासारखा चांगला धडा नाही, कारण त्याला पैसे लागत नाहीत. 'क' जीवनसत्त्व असलं की वनस्पतींमधलं लोह अधिक शोषलं जातं. म्हणून खिचडीवर लिंबू पिळायचं, जेवणासोबत पेरूची फोड किंवा आवळा. पेरूत संत्र्याच्या चार-पाच पट 'क' जीवनसत्त्व असतं आणि हंगामात तो दारात मिळतो. कडधान्यांना मोड आणले की त्यातलं फायटिक आम्ल कमी होतं, ते लोहाला अडवून धरत असतं. उलट चहातले टॅनिनसारखे घटक लोहाशी बांधले जातात आणि ते शोषू देत नाहीत. आपल्या घराघरांत शाळेत जाण्याआधी मुलं चहा-चपाती, चहा-खारी किंवा चहा-बटर खाऊन निघतात. या एका सवयीबद्दल शाळेने पालकांशी बोलायलाच हवं. चपाती शेंगदाण्याच्या चटणीशी खा, चहा सोडवतच नसेल तर तास-दोन तासांनी घ्या, एवढं सांगितलं तरी पुष्कळ.

लोहाच्या गोळ्यांचंही असंच. दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा शाळेत निळी गोळी दिली जाते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असतं. अनेक शाळांत या गोळ्या खिशात, दप्तरात किंवा खिडकीबाहेर जातात. कारण साधं आहे. रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं आणि दुसऱ्या दिवशी शौचाला काळं होतं. घरी आई घाबरते, 'ती गोळी परत घेऊ नकोस' म्हणते. काळं होणं हे गोळीतल्या लोहामुळे आहे, त्यात धोका नाही, आणि जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो, हे आधीच सांगितलं असतं तर? पोषणाचं शिक्षण म्हणजे हेही. त्याच्या जोडीला जंतनाशक गोळी का देतात तेही समजावावं. आतड्यातले काही जंत रक्तावरच जगतात, म्हणून कितीही बाजरी खाल्ली तरी रक्त वाढत नाही.

सगळा रक्तक्षय लोहाचाच असतो असं नाही, हे शिक्षकांच्या मनात स्पष्ट हवं. आदिवासी भागात आणि विदर्भात सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार आहे. तिथे मुलाला फक्त 'पालेभाजी खा' म्हणून परत पाठवणं चूक ठरेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, तेव्हा अशा मुलांची नावं पुढे करायची.

पोषणतत्त्वयुक्त तांदूळ शाळांत पोहोचला तेव्हा काय झालं तेही आठवून पाहा. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि 'ब१२' मिसळून यंत्रातून दाण्याच्या आकाराचे तुकडे काढतात आणि साध्या तांदळाच्या शंभर दाण्यांमागे एक या प्रमाणात मिसळतात. हे दाणे रंगाने, आकाराने किंचित वेगळे दिसतात, पाण्यावर तरंगू शकतात. गावागावांत बातमी पसरली की 'प्लास्टिकचा तांदूळ' आलाय. आयांनी ते दाणे वेचून टाकले. ज्या दाण्यात औषध होतं नेमका तोच उकिरड्यावर गेला! या धोरणावर मतभेद असू शकतात, काही तज्ज्ञांनी ते मांडलेही आहेत. पण पोत्याबरोबर समजूत पोहोचली नाही, हे तर उघड आहे. असा मूठभर तांदूळ वर्गात आणून, भिजवून, शिजवून मुलांसमोर पाहिला असता तर तीच मुलं घरी जाऊन सांगणारी झाली असती.

जिभेला वेळ द्यावा लागतो

माहिती मिळाली म्हणून कुणी कारलं खात नाही. मोठी माणसंही नाहीत. मुलं नवी चव पहिल्यांदा नाकारतात, हा त्यांचा हट्ट नसतो, बालपणाचा तो स्वभावच आहे. तोच पदार्थ जबरदस्ती न करता पुन्हापुन्हा समोर आला, आठ-दहा वेळा किंवा त्याहूनही जास्त, तर बहुतेक मुलं हळूहळू खाऊ लागतात. घरी दोन-तीनदा नकार मिळाला की आई ती भाजी करणंच सोडते. शाळेत मात्र सगळे एकत्र जेवतात, शेजारचा खातो म्हणून आपणही घास घेऊन पाहतो. पंगतीचा हा फायदा दुसरीकडे मिळत नाही.

स्वतः लावलेलं आणि स्वतः शिजवलेलं मूल लवकर खातं. म्हणून परसबाग. केंद्र सरकारने २०१९ मध्ये शालेय पोषण बागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि आपल्याकडे अनेक जिल्हा परिषद शाळांनी सुंदर बागा फुलवल्या आहेत. जागा नसली तरी मेथी फुटक्या बादलीतही येते आणि महिन्याच्या आत काढता येते. शेवगा एकदा लागला की वर्षानुवर्षं पाला आणि शेंगा देतो. स्वयंपाकघरातलं भांडी धुतलेलं पाणी वाफ्याकडे वळवता येतं. फक्त बाग स्पर्धेच्या फोटोपुरती राहू नये. तिच्यातली भाजी खिचडीत पडली पाहिजे, आणि मुलींनी निवडायची, मुलांनी माती उकरायची, अशी वाटणी तिथे अजिबात होऊ नये. कोशिंबीर मुलग्यांनीही करावी.

जपानने २००५ मध्ये अन्नशिक्षणाचा स्वतंत्र कायदाच केला. त्याच वर्षापासून तिथल्या शाळांत पोषण शिकवणारे खास शिक्षक नेमायला सुरुवात झाली. मुलं स्वतः वाढतात, स्वतः आवरतात, आणि जेवणाचा वेळ हा शिकण्याचाच वेळ मानला जातो. आपल्याकडे खास शिक्षक मिळतील तेव्हा मिळोत. जेवणाची मधली सुट्टी तर आजही आहे.

डब्याची झडती नको

या विषयात शाळेकडून नकळत फार मोठी इजा होऊ शकते. 'आज कुणी डब्यात काय आणलंय दाखवा' असं म्हणून डबे उघडायला लावणं, 'हे चांगलं, हे वाईट' असा शेरा मारणं, हे थांबायला हवं. डबा मूल भरत नाही. मजुरीला पहाटे निघणाऱ्या आईने पाच रुपयांचा बिस्किटपुडा दप्तरात टाकला असेल, तर त्याची शिक्षा मुलाला वर्गासमोर का? तसंच सुकट, बोंबील, अंडं किंवा मटण आणणाऱ्याकडे नाक मुरडणं. कोणाच्या घरी काय शिजतं याच्याशी आपल्या समाजात जात आणि धर्म घट्ट जोडलेले आहेत. शिक्षकाच्या एका शब्दाने मूल आयुष्यभर आपल्या घरच्या अन्नाची लाज बाळगू शकतं. वजनही चारचौघांत मोठ्याने वाचून दाखवू नये. जाड मुलाला चिडवून ते बारीक होत नाही, चोरून खायला मात्र शिकतं.

अंड्याचा उल्लेख झालाच आहे तर स्पष्ट बोलतो. एका अंड्यात सहा-सात ग्रॅम उत्तम प्रथिने आणि 'ब१२' असतं, जे डाळ-तांदळात नसतं. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडं आणि अंडं न खाणाऱ्यांना केळं किंवा फळ द्यायचं ठरवलं. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा सरकारी निधी थांबला आणि हवं असल्यास लोकसहभागातून द्या असं शाळांना सांगण्यात आलं. ज्याला नको त्याला दुसरा पर्याय आहे, ज्याला हवं त्याला अंडं मिळालं पाहिजे. हा निधी परत यायला हवा.

फाटकाबाहेरचं दुकान

शाळेत शिकवलेलं सगळं फाटकाबाहेरच्या दहा पावलांत पुसलं जाऊ शकतं. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार, जास्त चरबी, मीठ किंवा साखर असलेले पदार्थ शाळेच्या उपाहारगृहात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायला मनाई आहे. पाचवीच्या मुलांना टेप देऊन ५० मीटर मोजायला सांगा, नियम कायमचा लक्षात राहील. पण मुलांना दुकानदाराविरुद्ध उभं करू नका. त्या टपरीवर बऱ्याचदा गावातलीच एखादी काकी बसलेली असते. शाळा व्यवस्थापन समितीने तिच्याशी बोलावं. शेंगदाण्याची चिक्की, उकडलेली कणसं, फुटाणे, बोरं, तिखट-मीठ लावलेल्या पेरूच्या फोडी, हे तिथे विकलं जाऊ शकतं आणि मुलं घेतातही.

वेष्टन वाचायला शिकवणं हा आणखी एक उपयोगी धडा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, म्हणजे जे सर्वात जास्त ते सर्वात आधी. 'नाचणीची बिस्किटं' म्हणून घेतलेल्या पुड्यावर मैदा आणि साखर पहिल्या दोन क्रमांकांवर असतील तर नाचणी नावालाच. साखर ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज अशा नावांनीही लपलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार अशी वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत आणि शक्यतो ५ टक्क्यांच्या आत असावी. दोन हजार कॅलरींचे ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम, साधारण पाच-सहा चमचे. तीनशे मिलिलिटर कोलात ३० ग्रॅमच्या वर साखर असते. चमच्याने मोजून काचेच्या पेल्यात ओतून दाखवा. मे २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना असे 'साखर फलक' लावायला सांगितले. राज्य मंडळाच्या शाळांना त्यासाठी आदेशाची वाट पाहायची गरज नाही, रिकाम्या पुड्यांपासून तो फलक मुलंच बनवू शकतात.

राहिला प्रश्न वेळेचा आणि गुणांचा. शिक्षकांवर आधीच माहिती भरण्याचं ओझं आहे, त्यात आणखी एक तास कुठून काढायचा? वेगळा तास काढूच नये. खिचडीचं गणित गणितात, मोड आणि जंत विज्ञानात, रानभाज्या परिसर अभ्यासात, वेष्टनाचं वाचन भाषेत बसतं. प्रश्नपत्रिकेत मात्र बदल हवा. 'स्कर्व्ही कशाच्या अभावामुळे होतो' याऐवजी असं विचारावं: 'तुमच्या घरी काल रात्री जे जेवण झालं, त्यात एकही रुपया न वाढवता लोह अधिक शोषलं जावं म्हणून काय बदलाल?' परसातलं लिंबू, मटकीला मोड, चहा नंतर, आजीने सुकवलेला आवळा. याचं उत्तर प्रत्येक मुलाचं वेगळं येईल आणि तपासायला शिक्षकाला थोडा जास्त वेळ लागेल. तेवढा वेळ त्यांना मिळावा, यासाठी मुख्याध्यापकांनी आणि शिक्षण विभागाने त्यांची इतर कामं कमी करायला हवीत.